फीचे पैसे प्लेऑफ्सवर गेले, उरलेले दोन हजार लावू का?

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: निक्स आणि पेसर्स ह्या एनबीए ह्या बास्केटबॉल लीगमधल्या टीम्स, ब्रन्सन आणि टाउन्स निक्सचे खेळाडू, पुढचे ३५ आणि ३० हे त्यांचे पॉइंट. प्लेऑफ्स म्हणजे सीझनच्या शेवटच्या बादफेऱ्या, आणि पार्ले म्हणजे दोन-तीन अंदाज एकत्र बांधून ॲपवर लावलेली बेट, सगळे बरोबर आले तरच पैसे.

"ताई नमस्कार. मी २४ वर्षांचा, मूळचा नाशिकचा, न्यू जर्सीत मास्टर्स करतोय, जर्सी सिटीत आम्ही तिघं मिळून राहतो. मागच्या वर्षी मे मध्ये निक्स-पेसर्सच्या पहिल्या मॅचवर पार्ले लावला होता. ब्रन्सन ३५ च्या वर, टाउन्स ३० च्या वर, आणि निक्स जिंकणार. शेवटची तीन मिनिटं राहिली तेव्हा निक्स १४ ने पुढे होते, मी रूममेट्सना म्हणालो पिझ्झा माझ्याकडून. पुढचं तुम्हाला माहीत असेलच. तेव्हा फक्त २०० डॉलर गेले होते. ते परत काढता काढता वर्ष गेलं. बाबांनी स्प्रिंगच्या फीसाठी पाठवलेल्यातले ४,३०० गेले, एका रूममेटकडून हातउसने घेतलेले २,९०० गेले. एकूण ७,२००. कॉलेजने होल्ड लावलाय, फॉलचं रजिस्ट्रेशन होत नाहीये. रूममेटला सांगितलंय की बाबांचे पैसे बँकेत अडकलेत. माझ्याकडे आता २,००० आहेत. प्लेऑफ्स येतायत, पहिल्या वीकेंडच्या दोन मॅचेसचा पार्ले लावला तर ७,२९० येतात, सगळं एका फटक्यात फिटतं. अभ्यास केलाय, ह्यावेळी नक्की आहे. मामेभाऊ पण नाशिकहून ५० हजार टाकायला तयार आहे. हे फिटलं की ॲप डिलीट करणार, शप्पथ. बाबांना बीपी आहे, त्यांना सांगायची हिंमत होत नाही. लावू का?"

नको लावूस रे बाळा. मॅचेस कुठल्या, टीम कुठल्या हे तू लिहिलं होतंस, ते मी मुद्दाम काढून टाकलंय, कारण हे वाचणाऱ्यांत तुझ्यासारखी अजून दहा पोरं असणार आणि त्यांना मला टीप द्यायची नाहीये.

ती मॅच मी पण बघितली होती. आम्ही एडिसनला राहतो, घरात निक्सचं वेड आहे, त्यामुळे २१ मे २०२५ ची ती रात्र आमच्याकडे पण कोणी विसरलेलं नाही. मॅडिसन स्क्वेअर गार्डन, म्हणजे निक्सचं घरचं मैदान, नुसतं पेटलेलं, निक्स पंचवीस वर्षांनी कॉन्फरन्स फायनलला (लीगची सेमीफायनलच) आलेले, आणि तो पेसर्सचा नेस्मिथ थ्री मागून थ्री, लांबून तीन-तीन पॉइंटचे शॉट, टाकत सुटलेला. आणि शेवटचा पेसर्सच्या हॅलिबर्टनचा शॉट, बॉल रिंगच्या मागच्या कडेला लागून इतका वर उडाला की आम्हाला वाटलं संपलं, जिंकलो, आणि तो सरळ खाली येऊन जाळीत पडला. त्याला वाटलं थ्री आहे, पण पाय लाईनवर होता म्हणून दोनच मिळाले, १२५-१२५, ओव्हरटाईम, आणि पेसर्स १३८-१३५ ने घेऊन गेले. ब्रन्सनचे ४३ झाले आणि टाउन्सचे ३५. म्हणजे तुझ्या तीनपैकी दोन गोष्टी आल्या, नुसत्या आल्या नाहीत, चांगल्या भरभरून आल्या, आणि तिसरी त्या एका उडालेल्या बॉलवर गेली.

मला वाटतं तू तिथेच अडकलायस. २०० डॉलर गेल्याचं तुला तेव्हा फार वाटलं नसणार, तुला वाटलं आपण बरोबर होतो, नशीब आडवं आलं. साफ हरला असतास, निक्स वीस पॉइंटने पडले असते तर कदाचित ॲप उघडलंच नसतंस. 'थोडक्यात हुकलं' हे वाटणं फार वाईट, कारण पुढच्या वेळी जमेल असं ते सारखं कानात सांगत राहतं. पण पार्लेत थोडक्यात हुकलं काय आणि कोसभर हुकलं काय, हातात तेच शून्य येतं.

आता तुझा हिशोब. तू ७,२९० लिहिलंयस आणि तो आकडा बरोबर आहे, मी करून बघितला. दोन्ही मॅचेसला स्प्रेडवर, म्हणजे वरचढ टीमने किती पॉइंटने जिंकायला हवं तो ॲपने ठरवलेला फरक, त्यावर मायनस ११० चा भाव, म्हणजे ११० लावले तर १०० सुटणार. पण तू किती येतील हे मोजलंस, किती वेळा येतील हे मोजलं नाहीस. स्प्रेड लावलेलाच असा असतो की दोन्ही बाजू साधारण सारख्या व्हाव्यात, नाणं उडवल्यासारखं. दोन नाणी उडवून दोन्ही छापा पडायला हवेत, म्हणजे चारातून एकदा. चारातून तीन वेळा तुझे दोन हजार पण जाणार, आणि तू परवा जिथे होतास त्याच्याही खाली जाणार. आणि चारात एकदाच येणारी गोष्ट असेल तर दोन हजाराचे खरे आठ हजार यायला हवेत ना, मग ७,२९० च का? ते मधले ७१० ॲपवाल्याचे. एका मॅचचं धरलं तरी एक माणूस ह्या बाजूने ११० लावतो, दुसरा त्या बाजूने ११० लावतो, जमले २२०, जिंकणाऱ्याला मिळतात २१०, दहा मध्येच राहतात, मॅच कोणीही जिंको. ह्यात नुसतं बरोबरीत राहायला पण शंभरातले साडेबावन्नच्या आसपास अंदाज बरोबर यावे लागतात, वर्षानुवर्षं. आणि मे मध्ये तू लावलास तसला, एकाच मॅचमधल्या तीन गोष्टींचा पार्ले, त्यात तर त्यांनी किती कापून ठेवलेत हे तुला दिसतच नाही.

अभ्यास केलाय म्हणतोस. केलाच असशील, तुझ्या पत्रात इंज्युरी रिपोर्टवर, कोण दुखापतीने खेळणार नाही त्या यादीवर, अर्धं पान होतं. पण तो रिपोर्ट लीगच्या नियमानेच निघतो, मॅचच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत टीमला द्यावाच लागतो, तो तू वाचायच्या आधी भाव ठरवणाऱ्यांनी वाचलेला असतो, आणि त्यांचं पोट त्याच्यावरच आहे. तुला जे जे माहीत आहे ते त्या भावात आधीच बसलेलं आहे. आणि जे खरंच सातत्याने जिंकतात त्यांची बेटची मर्यादा ही ॲप्स कमी करून टाकतात. तुझी त्यांनी वाढवली, वर बोनस बेट पण दिली असं तूच लिहिलंयस. ते जरा परत वाच.

जॉन्टे पोर्टर आठवतो? टोरंटो रॅप्टर्सचा. त्याला एप्रिल २०२४ मध्ये लीगने कायमचं काढलं. त्याने मित्राच्या अकाउंटवरून एनबीएच्या मॅचेसवर बेट्स लावल्या होत्या, त्यातल्या तीन पार्लेमध्ये 'रॅप्टर्स हरणार' हे पण होतं, स्वतःच्याच टीमवर. तिन्ही पार्ले तो हरला. म्हणजे त्या ड्रेसिंग रूममध्ये बसणाऱ्या, कोणाचा गुडघा दुखतोय हे डोळ्यांनी बघणाऱ्या माणसाला जे जमलं नाही ते तू जर्सी सिटीतल्या सोफ्यावर बसून नक्की आहे म्हणतोयस. आणि तो तिथपर्यंत पोचला कसा ते कोर्टात आलंय, जुगाराची उधारी झाली होती, आणि ती फेडायला त्याने मॅचमधून दुखणं सांगून लवकर बाहेर पडायचं कबूल केलं, म्हणजे त्याच्या 'अंडर'वर, त्याचा आकडा ठरवलेल्यापेक्षा कमी राहील ह्यावर, लावणाऱ्यांचे पैसे होतील. त्याचं पण 'हे एकदा फिटलं की झालं' असंच असणार. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात ते हेच.

आता मला जे मुळात सांगायचंय ते. तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि मला त्यात बास्केटबॉल कुठे दिसेना. दिसला तो एक फोन, जो तुला करायचा नाहीये. ७,२९० हा तो फोन टाळायचा भाव आहे. दोन हजारात तुला मॅच नकोय, तुला असं आयुष्य हवंय ज्यात बाबांना कधी काही कळलंच नाही. ते कोणतंच ॲप विकत नाही रे. समज, चारातली ती एक वेळ आली आणि तू जिंकलास. मग तुला कळलं की लपवलेलं निभावतं. पुढच्या वेळी कमी पडले की तू हेच करणार, फक्त तेव्हा ७,२०० नसणार.

माझा एक मामा होता, लालबागला गिरणीत. मटका खेळायचा. तुम्हा पोरांना माहीत नसेल पण मटक्याची सुरुवातच तुझ्या पलीकडच्या काठावरून झाली, न्यूयॉर्कच्या कॉटन एक्स्चेंजमधून कापसाचे उघडते आणि बंद होते भाव मुंबईला यायचे त्यावर लोक आकडा लावायचे, ते १९६१ ला बंद पडलं तसं मग मडक्यातून चिठ्ठ्या काढायला लागले आणि पुढे पत्ते. रात्री नऊला ओपन, बाराला क्लोज. मामा जेवून शतपावलीला म्हणून जायचा तो टपरीवर उभा असायचा. एकदा मामीने त्याचा शर्ट धुतला आणि खिशातून चिठ्ठीचा लगदा निघाला. मामा इतका कासावीस झाला की मामीने तो लगदा उपड्या तव्यावर पसरून मंद आचेवर वाळवला, बाजूला बसून फुंकर घालत, तिला वाटलं गिरणीचा काही कागद असेल. मी तेव्हा सात-आठ वर्षांची, मला तो तवा अजून दिसतो.

चाळीच्या भिशीचे पैसे मामाकडे असायचे. ते गेले. आठ महिने त्याने कोणाला कळू दिलं नाही, रोज उद्या ओपन लागला की भरतो. मग शेजारच्या काकांचा नंबर लागला, त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्या दिवशी सकाळी मामाने जाऊन सांगितलं. काका खाली बसले, जरा वेळाने म्हणाले, किती? अकराशे. त्या काळात थोडे नव्हते. चाळीत मीटिंग बसली, महिन्याला पन्नास रुपये ठरले, आणि मामाने ते फेडले, पूर्ण फेडले. पैशावरून त्याला कोणी फार बोललं नाही. पण काका त्याला जे म्हणाले ते मामी आम्हाला नंतर सांगायची, "आठ महिने माझ्याकडे येऊन चहा पीत होतास." पैसे फिटले तरी ते काही फिटलं नाही.

तुझा रूममेट रोज तुझ्याबरोबर जेवतो. त्याला तू बाबांचे पैसे बँकेत अडकलेत असं सांगितलंयस. आज रात्री त्याला खरं सांग. बाबांच्या आधी त्याला, कारण तो समोर आहे आणि एकदा तोंडातून निघालं की दुसऱ्यांदा जरा सोपं जातं. चिडेल, चिडू दे, त्याचा हक्क आहे.

मग त्याच्यासमोर बसून न्यू जर्सीच्या डिव्हिजन ऑफ गेमिंग एन्फोर्समेंटच्या साईटवर सेल्फ-एक्स्क्लूजनचा, म्हणजे मला खेळू देऊ नका असं आपणच सांगायचा, फॉर्म भर. एक वर्षाचा असतो, पाच वर्षांचा असतो, तू पाचचा भर. त्याने राज्यातली लायसन्सवाली सगळी ऑनलाईन बेटिंग एका झटक्यात बंद होते, आणि मध्ये चोरून खेळून जिंकलास तरी ते पैसे तुला मिळत नाहीत. ॲप डिलीट करून काही होत नाही, परत डाऊनलोड करायला अर्धा मिनिट लागतं आणि तुझं डिपॉझिट तिथे तसंच असतं. न्यूयॉर्कचा फॉर्म वेगळा आहे, तो पण भर, जर्नल स्क्वेअरवरून पाथ ट्रेन पकडली की तू नदीपलीकडे आहेस. आणि १-८००-गॅम्बलर ला फोन कर, म्हणजे १-८००-४२६-२५३७, चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, समोरच्या माणसाने तुझ्यासारखे रोज ऐकलेले असतात त्यामुळे लाज वाटायचं कारण नाही. ते तुला जवळच्या गॅम्बलर्स ॲनॉनिमसच्या मीटिंगचा पत्ता देतील, त्या पण फुकट असतात आणि नाव-गाव कोणी विचारत नाही. झोप लागत नाही असं तू लिहिलंयस. रात्री कधी अगदी नको ते मनात आलं तर थांबू नकोस, ९८८ ही हेल्पलाइन लाव, लगेच, आणि रूममेटला उठव.

दोन हजार आहेत ना, ते घेऊन सोमवारी कॉलेजच्या बर्सर ऑफिसला, जिथे फी भरतात तिथे, जा. हे फार महत्त्वाचं आहे. बऱ्याच कॉलेजांत हप्त्यांची सोय असते, कुठे अडचणीतल्या मुलांसाठी छोटं कर्ज असतं, पण ते विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. आणि इंटरनॅशनल ऑफिसला पण त्याच दिवशी जा, कारण होल्ड राहिला, फॉलला रजिस्ट्रेशन नाही झालं तर तुझं एफ-१, म्हणजे स्टुडंट व्हिसाचं, स्टेटसच अडचणीत येईल, ते ७,२०० पेक्षा मोठं प्रकरण आहे. पैसे उभे करायला गॅस स्टेशनवर किंवा रेस्टॉरंटमध्ये कॅशवर काम करायचं डोक्यात आलं असेल तर ते काढून टाक. कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांपर्यंत करता येतं, तेच कर, आणि त्यातून रूममेटचे महिन्याला जमतील तेवढे ठरवून दे. लिहून दे.

टॅक्सचं तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तू स्टुडंट, टॅक्सच्या भाषेत नॉन-रेसिडेंट. तुझ्यासारख्याला जिंकलेल्या पैशावर सरसकट ३० टक्के फेडरल टॅक्स आहे, आणि हरलेले त्यातून वजा करता येत नाहीत. म्हणजे वर्षभर मधे मधे जे जिंकलास त्याचा हिशोब पण द्यावा लागेल, हरलेले मोजले जाणार नाहीत. ॲपमधून वर्षाचं स्टेटमेंट काढून ठेव आणि अकाउंट बंद व्हायच्या आधी काढ, आणि कॉलेजमध्ये टॅक्सला मदत करणारे असतात त्यांना दाखव.

मामेभावाला आजच मेसेज टाक की नको. भारतातून परदेशात सट्ट्यासाठी पैसे पाठवायला फेमात, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, परवानगी नाही, आणि तिकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशाच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदाच झालाय. त्याला यातलं काही माहीत नसणार, तो तुझ्यावर विश्वास ठेवून देतोय. फिटलेलं नसताना अजून एका घरातला पैसा ह्यात आणू नकोस.

आता बाबा. बीपीची भीती मी उडवून लावत नाही, खरी आहे. म्हणून एकटा फोन करू नकोस, तुझी बहीण पुण्यात असते असं लिहिलंयस, तिला आधी सांग आणि शुक्रवारी रात्रीच्या गाडीने घरी जायला सांग, म्हणजे फोन येईल तेव्हा ती तिथे बाबांच्या शेजारी बसलेली असेल, सकाळची गोळी घेतलेली असेल. तुझ्या बाबांनी सातपूरला एमआयडीसीत तीस वर्षं काढलीत. कामगार माणसाला उधारी काय असते हे तुला शिकवायची गरज नाही. मला तर वाटतं तुझा बदललेला आवाज त्यांना कुठेतरी जाणवलाय. तूच लिहिलंयस की हल्ली फोनवर ते दोनदा विचारतात, "बाकी ठीक ना?" माणूस उगाच दोनदा विचारत नाही.

बोलताना प्रस्तावना नको. एनबीए काय, पार्ले काय, हॅलिबर्टनचा बॉल कसा उडाला, हे काही सांगू नकोस, ते सगळं ऐकताना त्यांचा जीव टांगणीला लागेल की पोरगं आता काय सांगणार आहे, ॲक्सिडेंट झाला की काय. सरळ सांग, "बाबा, मी ठीक आहे. फीचे ४,३०० डॉलर मी सट्ट्यात घालवले. रूममेटचे २,९०० देणं आहे. एकूण ७,२००. खेळणं बंद केलंय, फॉर्म भरलाय." पूर्ण आकडा सांग. सगळेच इथे चुकतात, अर्धा सांगतात, उरलेला आपण गुपचूप बघू म्हणतात, आणि त्या उरलेल्या अर्ध्यासाठी परत ॲप उघडतात. त्यांनी पैसे द्यावेत असं मागू नकोस, आणि त्यांनी दिले तर तुझ्या हातात घेऊ नकोस, थेट कॉलेजला भरायला सांग. ते गप्प बसतील. फोन ठेवू नकोस. जेवढा वेळ गप्प बसतील तेवढा वेळ तू पण थांब.

शनिवारी रात्री साडेनऊला कर. तेव्हा नाशिकला रविवारचे सकाळचे सात झालेले असतात, चहा झालेला असेल, पेपर यायचा असेल. तुझ्याकडे तेव्हा मॅच चालू असेल आणि रूममेट्सनी टीव्ही लावला असेल, तर तू आतल्या खोलीत जा आणि दार लावून घे.